२०१९ ची दिवाळी, मालवणचा दर्या आणि आमच्या गऱ्या

बांधीकाठ

राम राम मंडळी. फसलेल्या सहलींच्या गप्पांत मागं एकदा "आमची मालवणची गोष्ट सांगीन कधीतरी" असं लिहून मी सटकलो होतो. त्यावर तिघांनी खासगी निरोप धाडून पिच्छा पुरवला. धानाचं चुरणं (मळणी) परवा संपलं, हाताला उसंत आहे, तर घ्या.

गाव अर्जुनी मोरगाव तालुक्यात, जिल्हा गोंदिया. एका अंगाला नवेगाव बांध, दुसऱ्या अंगाला इटियाडोह, आणि मधल्या गावांना एकेक मामा तलाव. (मामा म्हणजे माजी मालगुजारी. शहरातले पाहुणे "कोणाचे मामा?" विचारतात.) पाण्याशी ओळख जन्माची. पावसाळ्यात बांधीत (धानाच्या शेतात) झिंगे, तलावात रोहू-कतला, गाळात मरळ. गरी (गळ) घेऊन काठावर बसणं ही आमची करमणूक पण आहे आणि घरून पळायची जागा पण. त्यामुळं समुद्र म्हणजे पलीकडचा काठ नसलेला तलाव, एवढाच आमचा हिशेब.

चौघं निघालो. मी, माझा साळा, जिल्हा परिषद शाळेतले गुरुजी आणि आमचे ढिवर काका. काकांचा जन्म तलावात गेला, जाळं स्वतः विणतात, पण समुद्र फक्त टीव्हीत पाहिलेला. खरं तर त्यांना दाखवायचा म्हणूनच हा सगळा खटाटोप.

तारखेतच पाल चुकचुकली होती, आम्ही ऐकली नाही. आमच्याकडे भाऊबीजेपासून मंडई, म्हणजे गावोगावची जत्रा, लागते. दिवसा दंडार (आमचं लोकनाट्य), रात्री नाटक. साळ्याला नाटकात पार्ट होता. हवालदाराचा, दोन वाक्यांचा, पण होता. म्हणजे भाऊबीजेच्या आत घरी पोचणं आलं. गुरुजींची इलेक्शन ड्युटी २१ ऑक्टोबरला आटोपली. २२ ला माझा हलका धान कापून झाला, कडपा बांधीत पसरल्या. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: कापलेला धान तीन-चार दिवस तसाच शेतात वाळू देतात, त्या ओळींना कडपा म्हणतात. मग भारे बांधायचे, मग पुंजणे (गंज्या) घालायचे. "भारे तू बांधून घे" असं लहान भावाला सांगितलं आणि २३ ला सकाळी गोंदियाहून महाराष्ट्र एक्सप्रेस धरली. लक्ष्मीपूजन २७ ला होतं, ते परतीच्या गाडीत होणार. हे घरी सांगितल्यावर काय झालं ते इथं लिहीत नाही.

काकांनी चारा म्हणून डालड्याच्या जुन्या डब्यात ओल्या मातीसकट गांडुळं घेतली होती. दर दोन-तीन स्टेशनांनी झाकण उघडून ते त्यांना हवा देत. अकोल्याच्या पुढं समोरच्या मावशींनी कौतुकानं विचारलं, "चिवडा आहे का हो?" काकांनी भोळेपणानं डबा पुढं केला. त्या बाई पुढं भुसावळपर्यंत दारात उभ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी कोल्हापूर. तारीख २४, निकालाचा दिवस. अख्खं स्टेशन मोबाइलमध्ये मुंडी घालून कुठं कोण पुढं ते बघत होतं. आभाळाकडं बघायला कोणाला फुरसत नव्हती, आम्हाला पण नाही. २५ ला गगनबावड्याकडून घाट उतरणारी एसटी मिळाली आणि घाटात पाऊस सुरू झाला. साधा नाही. काचेवर कोणी बादलीनं पाणी मारावं तसा. वायपर एकच चालू, तोही कंडक्टरच्या बाजूचा. एका थांब्यावर ड्रायव्हरनं दार धाडकन लावलं आणि माझ्या रॉडचं टोक त्यात सापडलं. ऑनलाइन मागवलेला, १,४०० रुपयांचा, आत सरकणारा रॉड. समुद्र दिसायच्या आधीच वरचे दोन पेर गेले. साळा म्हणाला, "भाऊजी, आता तो तलावाच्या मापाचा झाला."

मालवणला उतरलो तर समुद्र निळा नव्हताच. आमच्या नाल्याला पूर आल्यावर येतो तो रंग. लाटा फुटायच्या आधी वाकडं तोंड करून उभ्या राहत होत्या. समोरचा सिंधुदुर्ग किल्ला पावसात मधूनच दिसे, मधूनच नाही. काका गुडघाभर पाण्यात गेले, ओंजळ भरली, जिभेला लावली आणि थुंकले. "खारं आहे बे! यात मासोरी जगते कशी?" (आमच्या झाडीबोलीत ळ जिभेवर टिकत नाही, त्याचा र होतो.) मग बराच वेळ बोलले नाहीत. नुसते उभे. मला वाटलं भारावले असतील. नंतर कळलं, एक चप्पल वाहून गेली होती, ती कुठं निघते ते बघत होते.

ज्याच्याशी फोनवर होडी ठरवली होती तो भला माणूस छत्री घेऊन आला आणि त्यानं बंदराकडं बोट दाखवलं. धोक्याचा बावटा लागलेला. "दोन दिवस कोण दर्याक जावचो नाय," म्हणाला. "पण थांबा, निवळतला."

ह्या "निवळतला" वर आम्ही तीन दिवस काढले. उरलेलं रात्री लिहितो, ढोरं सोडायची वेळ झाली.

तर्रीपोहे

हसून हसून पुरेवाट! गांडुळांचा चिवडा!! पुढच्या भागाची वाट पाहतोय. आणि हवालदाराच्या पार्टाचं काय झालं ते आधी सांग बे, जीव टांगणीला लागला ना.

कापूसकोंड्या

२०१९ ची दिवाळी कोन इसरते राजेहो. आमच्या इकडं (यवतमाळ) सोयाबीनच्या गंज्या वावरात होत्या, अन् पाऊस असा लागला का गंजीतच कोंब फुटले. कपाशीची फुटलेली बोंडं भिजली, सरकीले कोंब. तुमी तरी समुद्र पाहून आले, आमी वावरातच समुद्र पाह्यला.

चुलीपुढची

"काय झालं ते इथं लिहीत नाही" हे चालणार नाही. लक्ष्मीपूजन सोडून गरी टाकायला जाणाऱ्या नवऱ्याला ती काय म्हणाली हे आम्हाला कळलंच पाहिजे.

मिलिबार

चांगलं लिहिताय. थोडी माहिती घालतो, म्हणजे तुमच्या नशिबाचा नेमका आकार कळेल. तुम्ही गाठलंत ते क्यार चक्रीवादळ. अरबी समुद्रात रत्नागिरीच्या पश्चिमेला साधारण दोनशे किलोमीटरवर ते बळावत होतं. किनाऱ्याला धडकलं नाही, ओमानच्या दिशेनं वळलं, पण जाता जाता २७ ऑक्टोबरला, म्हणजे ऐन लक्ष्मीपूजनाला, महाचक्रीवादळाच्या दर्जाला पोचलं. अरबी समुद्रात त्याआधीचं असं वादळ २००७ चं गोनू. म्हणजे बारा वर्षांत एकदा येणारी गोष्ट तुम्ही गोंदियाहून रिझर्वेशन करून गाठली. ते विरतंय तोवर ३० तारखेच्या सुमाराला लक्षद्वीपजवळ दुसरं तयार झालं, त्याचं नाव महा. दोन्ही काही काळ एकाच समुद्रात होती.

आणखी एक. क्यार हे नाव म्यानमारनं दिलेलं. बर्मी भाषेत त्याचा अर्थ वाघ.

तर्रीपोहे

घ्या! नवेगाव-नागझिऱ्याचे वाघ घरी सोडून हे वाघ पाहायला मालवणला गेले.

देवबागचो

अरे मेल्यांनू, अमावाश्येचा उधाण, वर वादळ, आणि तुमी गरवूक इलास? थयसर कोणाक विचारूचा तरी!

आता नीट सांगतो, पुढच्या वेळी उपयोगी पडेल. भरतीची वेळ काढायला पंचांग पुरतं. तिथीला पाऊणनं गुणा, येईल तो आकडा म्हणजे पूर्ण भरतीची वेळ, अंदाजे. अमावास्या म्हणजे पंधरा, गुणिले पाऊण, सव्वाअकरा. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. रोज पाऊण तास पुढं सरकतं. अमावास्या-पौर्णिमेला पाणी जास्त चढतं-उतरतं, ते उधाण. अष्टमीच्या आसपास पाणी कमी हलतं, तो भांग. नवख्या माणसानं खडकावर बसून गरी टाकायची तर भांगाला यावं. तुम्ही आलात तेव्हा उधाणाचं पाणी आणि वादळाच्या लाटा एकावर एक होत्या. देवबागला तर एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी, मधे आमची चिंचोळी पट्टी. त्या दिवशी आम्ही गरी नाही, घरातलं सामान उचलत होतो.

तुमचे होडीवाले खरं बोलले हे मात्र चांगलं. पैशासाठी कोणी बाहेर काढलं असतं तर आज हा धागा नसता.

बांधीकाठ

@देवबागचो, दादा, हे पाऊणचं गणित तेव्हा माहीत असतं तर! आमच्या गुरुजींना पाऊणकी अजून तोंडपाठ आहे, ते हे वाचून कपाळाला हात लावून बसलेत.

@चुलीपुढची, ती म्हणाली, "जा. समुद्रालाच ओवाळून घ्या." बस, एवढंच. त्यापेक्षा भांडली असती तर बरं होतं.

@मिलिबार, वाघाचं काकांना आत्ताच फोन करून सांगितलं. म्हणाले, "मंग बराबर. वाघानं रस्ता आडवला का माघारी फिराव लागते, थेच चुकलं."

आता पुढं.

पहिल्या रात्रीच लाइट गेली. खोली बरी होती, मालक बरा होता, पण कौलातून एक धार नेमकी गुरुजींच्या खाटेवर. त्यांनी खाट सरकवली, धार सरकली. शेवटी मधे बादली ठेवून चौघं भिंतीला लागून झोपलो. मोबाइल दुसऱ्या दिवशी दुपारीच मेले. रेंज त्याआधीच गेली होती. हे लक्षात ठेवा, पुढं कामाचं आहे.

२६ तारीख. पाऊस, पत्ते, माशाचं जेवण. मासे वादळाआधीचे, बर्फातले, तरी सोलकढी आणि बांगड्याचं तिखलं खाऊन साळा म्हणाला आता घरी गेलं तरी चालते. दुपारी थोडं उघडलं तर किनाऱ्यावर गेलो. रापणीच्या होड्या वर ओढून ठेवलेल्या, आणि एका मोठ्या झापाच्या खोपटात सात-आठ जण जाळं सांधत बसलेले. रापण म्हणजे होडीनं समुद्रात अर्धगोल जाळं सोडायचं आणि दोन्ही टोकं धरून पन्नासेक माणसांनी किनाऱ्यावर ओढायचं. ते जाळं केवढं असतं हे काकांनी पाहिलं आणि त्यांचा चेहराच बदलला. खोपटात शिरले. एकानं विचारलं, "खयसून इलास?" काका म्हणाले, "गोंदिया." "म्हणजे गोंयसून?" काका म्हणाले, "नाही, नागपूरच्या बी पलीकडं." तो म्हणाला, "मध्य प्रदेश?" इथं गुरुजींना राहवेना, त्यांनी वाळूवर महाराष्ट्राचा नकाशा काढून दाखवला.

तोवर काका खाली बसले होते. जाळ्याच्या एका फाटलेल्या जागी दोन बोटं घालून डोळा मोजला, दुसऱ्या जागी मोजला. मग काही न बोलता पलीकडच्या म्हाताऱ्याच्या हातातली सुई मागितली. म्हाताऱ्यानं दिली. काकांनी पहिली गाठ मारली, ओढून पाहिली, आणि हात चालू. म्हाताऱ्यानं ती गाठ चिमटीत धरून उलटसुलट केली, नखानं सरकवून पाहिली. सरकली नाही. मग त्यानं दुसरी सुई काढली आणि दोघं एकाच भोकाच्या दोन बाजूंनी विणायला लागले. तास-दीड तास. एकाची मालवणी, एकाची झाडी, दोघांना एकमेकांचं निम्मंही कळत नसावं. मधेच काकांनी विचारलं, "गरीले तुमी काय म्हनता?" म्हातारा म्हणाला, "गरी." काका आमच्याकडं वळून म्हणाले, "पाय, सांगितलं होतं ना."

मी आणि साळा दारात बसून शेंगा खात होतो. आमच्या सहलीतला तेवढाच वेळ कोरडा गेला.

२७ ला सकाळी कोणीतरी सांगितलं, समुद्रावर नको पण कोळंबच्या खाडीत आत गरी टाका, तिथं वारा कमी. गेलो. माझ्या अर्ध्या रॉडचं रीळ खाऱ्या हवेनं तीन दिवसांत असं धरलं होतं की फिरवलं की दळल्याचा आवाज. काकांचा बांबू, तंगूस (नायलॉनचा दोरा) आणि गरी, तेवढंच चालू. खाऱ्या पाण्यात गांडूळ लगेच पांढरं पडतं हेही तिथंच कळलं. बांगड्याचा तुकडा लावला. अर्ध्या तासात ओढ आली. काकांनी हिसका दिला, वर आला वीतभर मासा, पाठीवर ठिपके, आणि बाहेर येताच तो फुगायला लागला. फुगला, फुगला, चेंडू झाला. पोट पांढरं, आणि दातांचा आवाज. कटकट. काका बांबू टाकून मागं सरकले. "याच्यात काही शिरलं आहे बे!"

पुलावरून एक बाई जात होत्या, त्या वरूनच ओरडल्या, "केंड तो! हात नको लावू, खाव नको, मरशात!" मग कळलं, हा विषारी. दात पोपटाच्या चोचीसारखे, गरीवरचा तंगूस दोन चावात तोडला आणि पुन्हा खाडीत. आमची गरी घेऊनच गेला. चौघं, जवळजवळ दीड हजार किलोमीटर, पाच दिवस, आणि हाती लागलेला एकच मासा, तोही परत गेला.

त्या रात्री लक्ष्मीपूजनाला मालकानं आम्हाला घरात बोलावलं. लाइट नव्हतीच, त्यामुळं नुसत्या पणत्या. त्यांच्या होडीच्या वल्ह्यालाही हळदकुंकू लावलं. मालकीणबाई म्हणाल्या, अठ्ठावीस दिवसांत चार वेळा होडी बाहेर पडली, बाकी वारा. त्यांच्या हप्त्याचं त्या बोलल्या नाहीत, पण मालकाचं तिकडं लक्ष होतं हे दिसत होतं. आम्ही मुकाट्यानं फराळ खाल्ला. आमच्या घरी कोणी पणत्या लावल्या असतील, हे त्या वेळी प्रथम मनात आलं.

२८ ला निघालो. कोल्हापूरला मोबाइल चार्ज केला आणि भावाचे बावीस मिस्ड कॉल.

मिलिबार

अरेरे. कडपा?

बांधीकाठ

हो. २५ च्या रात्री गावाकडं पाऊस आला, भारे बांधायच्या आदल्या दिवशी. मग २६, मग २७. बांधीत पाणी साचलं, धान त्यात आडवा. मी पोचलो तर लोंबी हातात घेतली की दाण्यातून पांढरं कोंब बाहेर.

आता त्या मिस्ड कॉलचं. पीकविमा होता. कापणीनंतर १४ दिवसांच्या आत, शेतात वाळत घातलेलं पीक अवकाळीनं भिजलं तर भरपाईची तरतूद होती, पण ७२ तासांच्या आत कळवावं लागे. भावाला हे माहीत होतं, त्यानं त्याच सकाळी कळवायला घेतलं. पण विमा माझ्या नावावर, पावती माझ्या पाकिटात, पाकीट मालवणात, मालवणात लाइट नाही, रेंज नाही. मी कोल्हापूरच्या प्लॅटफॉर्मवरून फोन लावला तेव्हा ७२ तास होऊन गेले होते. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "सर, आपण उशीर केला."

पुढं नोव्हेंबरात राष्ट्रपती राजवट असताना राज्यपालांनी खरिपाला हेक्टरी ८,००० जाहीर केले, दोन हेक्टरपर्यंत. माझी कडपा दीड एकरातली. गुरुजींनी हिशेब केला: पाच हजाराच्या आत. मालवणचा खर्च माणशी सव्वापाच.

कापूसकोंड्या

हे वाचून हासू आलं अन् पोटात बी कालवलं. पावतीचा फोटो काहाडून भावाले धाडत जा, घराबाहेर पाय ठेवाच्या आंधी. मी तं आता सातबारा, पावती, पासबुक सारं बायकोच्या मोबाइलमदी ठेवतो.

मिलिबार

एक सांगतो, नाराज होऊ नका. तुमच्या गावचा पाऊस आणि क्यार यांची थेट गाठ मारू नका. मालवण ते अर्जुनी सरळ रेषेत साडेआठशे किलोमीटरच्या वर भरेल.

बांधीकाठ

मान्य. पण आमच्या बायकोला हे कोण समजावणार? तिच्या मते मीच तो पाऊस मालवणहून सोबत आणला.

चुलीपुढची

तिचंच बरोबर आहे.

तर्रीपोहे

बे हवालदार!! हवालदाराचं काय झालं?

बांधीकाठ

३० च्या पहाटे पोचलो. भाऊबीज रेल्वेत, बडनेरा ते वर्धा. साळ्याचं नाटक आदल्या रात्रीच होतं. पण पाऊस म्हणून मंडपच पडला आणि खेळ चार दिवस पुढं गेला. म्हणजे त्या सगळ्या भानगडीत एकट्या त्याचं काही बिघडलं नाही. वरून सुके बांगडे नेले होते, त्याचा वास पंधरा दिवस हवालदाराच्या ड्रेसला.

देवबागचो

भाऊ, आता खरंच या. जूनजुलैत नको, १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, आणि पर्यटकांच्या होड्या २६ मे पासून ऑगस्टअखेर बंद. थंडीत या, भांगाला. राहायला आमचं घर. तुमच्या काकांना घेऊन या, आमच्या रापणीचं जाळं खूप ठिकाणी फाटलंय.

बांधीकाठ

काकांना वाचून दाखवलं. त्या म्हाताऱ्यानं निघताना दिलेली सुई ते अजून वापरतात, परवाच नवेगावच्या जाळ्याला लावली होती. लगेच विचारलं, "कधी?"

गुरुजींनी पंचांग काढलंय. पौषातली अष्टमी. आठ पाऊण सहा, भरती सहाला, ओहोटी बाराला. रजेचा अर्ज ते लिहितायत. पावतीचा फोटो भावाला धाडला. रॉड घेत नाही, बांबूच आणतो.

बायकोला अजून सांगितलं नाही.